पहिली बाटली उघडण्याआधी
सुरुवातीलाच वाइनची महागडी बाटली आणू नकोस, आधी जीभ तयार होऊ दे. रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यायची असं ऐकलं असशील. तो नियम जुन्या, थंडगार घरांचा. उकाड्यात राहिलेल्या रेडचा घोट घेतलास तर आधी अल्कोहोलच नाकात जातो. थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून बघ; १६ ते १८ अंशांना ती छान खुलते. उलट व्हाइट बर्फासारखी गार केली की तिचा वासच हरवतो. ८ ते १२ अंश पुरे.

जेवण झणझणीत असेल तर तुरट, कडक रेड नको. तिखट आणखी भडकतं. किंचित गोडसर रिसलिंग (एक व्हाइट वाइन) घे. ती तुरट रेड चरबीदार मांसासाठी राख, तिथे तिचा तुरटपणा मऊ होतो.

ग्लास एक तृतीयांशच भर, वास फिरायला जागा हवी. आणि दांडीला धर.

माझ्या पहिल्या बाटलीचं बूच अर्ध्यात तुटलं होतं. उरलेलं आत ढकललं, वाइन चहाच्या (धुतलेल्या!) गाळणीतून गाळली. कुणाला कळलंही नाही. उरलेली वाइन, रेडसुद्धा, बूच लावून फ्रीजमध्येच ठेव. तीन-चार दिवसांत संपव.