बाग गहाण टाकण्याआधी

ताई, मुलगी सांगलीला बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. हॅकिंग शिकायला परदेशात जायचं म्हणते. एजंटने एस्टोनिया सुचवला : 'स्वस्त देश, सायबरमध्ये एक नंबर, नोकरी पक्की.' नकाशात शोधायला आम्हाला वेळ लागला. पैशासाठी द्राक्षबागेवर कर्ज काढावं लागेल. पोरगी हुशार आहे. परवाच कॉलेजच्या निकालाच्या साइटवर वेबपत्त्यातला बैठक क्रमांक बदलला की दुसऱ्याचा निकाल दिसतो, हे तिने शोधून काढलं. चाळीस-पन्नास निकाल उघडून मैत्रिणींना दाखवले. तुम्ही तिथेच शिकलात असं कळलं. पाठवू का?
– एक वाचक, तासगाव

काका, एस्टोनियाचं नंतर बोलू. आधी त्या चाळीस-पन्नास निकालांचं.

तुमच्या लेकीची नजर चांगली आहे, यात शंका नाही. पण एक निकाल उघडल्यावर चूक कळली होती. पुढचे सगळे तिने मजेसाठी उघडले. सायबर सुरक्षेच्या आमच्या धंद्यात माणूस इथेच पारखला जातो. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या प्रणालीतली माहिती काढणं आयटी कायद्याच्या कलम 43 मध्ये बसतं, आणि हेतू खोटा ठरला तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. हेतू वाईट नव्हता हे पोलीस ठाण्यात बसून पटवण्याची वेळ कशाला आणायची? आज रात्री जेवताना तिला सांगा : काय दिसलं ते प्राचार्यांना लेखी कळव, जवळ ठेवलेले स्क्रीनशॉट पुसून टाक. कॉलेजने कानावर घेतलं नाही तर 'सर्ट-इन'ला, म्हणजे सायबर घटना पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, कळवायची सोय आहे. हात शिवशिवत असतील तर ओव्हरदवायर, पोर्टस्विगरची वेब अकादमी अशी फुकटची मैदानं सरावासाठीच बांधलेली आहेत. तिथे हवी तेवढी तोडफोड कर म्हणावं.

आता एस्टोनिया. एजंटाचं म्हणणं अर्धं खरं आहे. 2007 च्या एप्रिलअखेर राजधानी टाल्लिनच्या मध्यातला सोव्हिएत सैनिकाचा कांस्य पुतळा लष्करी दफनभूमीत हलवला, त्यावरून दंगल उसळली, आणि पुढचे काही आठवडे सरकारी खाती, वृत्तपत्रं, बँका यांच्या साइट्सवर हल्ले होत राहिले. पुढच्या वर्षी नाटोचं सायबर संरक्षण केंद्र टाल्लिनला आलं. 2009 मध्ये टाल्लिनच्या तंत्र विद्यापीठाने आणि तार्तू विद्यापीठाने मिळून सायबर सुरक्षेचा दोन वर्षांचा मास्टर्स सुरू केला. मी तोच केला, 2016 ते 18.

दुसऱ्या वर्षी मी जे पाहिलं ते कुठल्याच अभ्यासक्रमात छापलेलं नव्हतं. तिथल्या ओळखपत्रात चिप असते; औषधाच्या चिठ्ठीपासून मतदानापर्यंत सगळं त्यावर चालतं. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोच्या मासारिक विद्यापीठातल्या संशोधकांना त्या चिपमध्ये गुप्त किल्ल्या (ओळख पटवणारे लांबलचक आकडे) तयार करण्याच्या पद्धतीतच खोट सापडली. साडेसात लाखांवर कार्डं त्यात अडकली, आणि देशाची लोकसंख्या तेरा लाख! माझं परदेशी रहिवाशाचं कार्डही त्यात होतं. सप्टेंबर 2017 मध्ये, स्थानिक निवडणुका महिन्यावर असताना, सरकारने पत्रकार परिषद घेऊन हे जाहीर करून टाकलं. नोव्हेंबरमध्ये खोट असलेल्या कार्डांवरची डिजिटल प्रमाणपत्रं बंद केली, आणि लोक पोलीस कचेरीत रांगा लावून किंवा घरून कार्ड अद्ययावत करून घेऊ लागले. मीही रांगेत होते. पुढे मागे सगळे वैतागलेले, पण काय बिघडलंय ते प्रत्येकाला ठाऊक होतं. आपल्याकडे असं झालं असतं तर, असा विचार तेव्हा मनात आला, तो अजून जात नाही.

म्हणून शिक्षण खरंच चांगलं आहे. 'नोकरी पक्की' मात्र साफ खोटं. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला 270 दिवस मिळतात. राज्याच्या गुपितांशी संबंध येतो अशी कामं परक्या नागरिकाला मिळत नाहीत. हे अमेरिकेत, ब्रिटनमध्येही बव्हंशी तसंच आहे, आणि एजंट ते कधी सांगत नाहीत. उरतात खाजगी कंपन्या. तिथे इंग्रजी चालतं, पण पहिला प्रश्न येतो : 'आधी काम काय केलंय?' माझ्याकडे उत्तर होतं, कारण निघण्याआधी चार वर्षं मी हिंजवडीत हेल्पडेस्क आणि नेटवर्क सांभाळलं होतं. पासवर्ड विसरलेल्या माणसांचे फोन घेतले होते. माझ्या वर्गातली दोन मुलं पदवीवरून थेट आली होती. गुण माझ्यापेक्षा बरे, पण नोकरी शोधण्याच्या त्या दिवसांत त्यांची झोप उडाली.

आणि काम काय असतं तेही तिला कळू द्या. काळी हुडी, हिरवी अक्षरं यातलं काही नाही. सुरुवातीला बहुतेकांच्या वाट्याला पाळीचं काम येतं : रात्रभर नोंदी वाचायच्या, शेकडो इशाऱ्यांतला खरा कोणता ते ठरवायचं, आणि सकाळी अहवाल लिहायचा. पहिल्याच वर्षी पहाटे तीनला मी एक इशारा 'खोटा' म्हणून बंद केला. एका कर्मचाऱ्याचं लॉगिन दोन देशांतून दिसत होतं. मला वाटलं, व्हीपीएन असेल, म्हणजे खरी जागा झाकणारी जोडणी. तो चोर होता. सकाळच्या पाळीतल्या बाईंनी पकडला म्हणून निभावलं. त्या मला ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, 'वाटलं ते लिहून ठेवायचं होतंस.' टाल्लिनला डिसेंबरात सहा तास उजेड असतो, त्यात रात्रपाळी, त्यात ही चूक. आईला फोनवर 'सगळं छान' म्हणाले.

तर, पाठवू का? आत्ता नको. पुण्यात दोन वर्षं नोकरी करू दे, साधी सपोर्टची का असेना. मग तिने विद्यापीठाकडे स्वतः अर्ज करावा. अर्ज ऑनलाइन असतो, त्याला मध्यस्थ लागत नाही. एजंटाला एवढंच विचारा : विद्यापीठ तुम्हाला प्रत्येक मुलामागे किती देतं? तोवर बाग तुमच्याच नावावर राहू द्या.

*

वय 36. फोंड्यात सहकारी बँकेत आयटी पाहतो. सीआयएसएसपी हे सायबर सुरक्षेचं प्रमाणपत्र करून दुबईला जावं म्हणतो. उशीर झाला का?
– एक वाचक, फोंडा

नाही हो दादा. त्या प्रमाणपत्राला सुरक्षेच्या आठपैकी किमान दोन क्षेत्रांतला पाच वर्षांचा अनुभव लागतो. संगणक-आयटीची पदवी असेल तर एक वर्ष सुटतं. म्हणजे बाविशीच्या पोरांपेक्षा तुम्हीच पुढे. 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात 94 कोटी गेले, त्यानंतर सहकारी बँकांत नियम कडक झाले, आणि 2022 पासून सायबर घटना सहा तासांत सर्ट-इनला कळवावी लागते. हे सगळं तुम्ही हाताने केलं असेल तर अर्जात 'आयटी ऑफिसर' एवढंच लिहू नका. कुठली यंत्रणा, किती शाखा, कुठला लेखापरीक्षणाचा शेरा कसा मिटवला, ते तारखांसह लिहा. शेरे मिटवलेले नसतील तर आधी ते मिटवा.