रात्री अडीचची जाग आणि दोन पेग

"दोन पेग घेतल्याशिवाय डोळा लागत नाही, आणि घेतले तरी अडीचला टक्क जाग येते. चाळिशीत एवढेच घ्यायचो, तेव्हा सकाळपर्यंत झोपायचो. आता काय बिघडलं?" ६६ वर्षांच्या एका निवृत्त काकांचा हा प्रश्न साठीपुढच्या अनेकांचा असतो.

आधी माप काढलं. घरचा पेग अंदाजाने ओतलेला असतो. काकांनी ग्लासात नेहमीइतकं पाणी ओतलं, ते खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजलं. एक पेग ७५ मिलीचा निघाला, दोन मिळून १५०. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीत दर ३० मिलीमागे सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे रोजचं ५० ग्रॅम. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निकालात काढतं. साडेआठला सुरुवात केली की ते संपतं दीड ते साडेतीनच्या मध्ये. तोवर दबलेला मेंदू मग उसळतो: धडधड, घाम, जाग.

वयाने यात भर पडते. शरीरातलं पाणी कमी झाल्याने तेवढीच दारू रक्तात जास्त चढते. गाढ झोप आधीच घटलेली असते. दारूने लघवी वाढते, त्यात प्रोस्टेट वाढलेली. अंधारात झोक जाऊन पडण्याची भीती वेगळीच.

कमी करण्याआधी एक गोष्ट विचारलीच पाहिजे: न घेतल्यास सकाळी हात थरथरतात का, घाम फुटतो का, कधी फिट आली होती का? यातलं काही असेल तर दारू एकदम सोडू नये, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं. काका अष्टविनायकाच्या यात्रेत चार दिवस न घेता राहिले होते, त्रास झाला नव्हता. रक्तदाबाची गोळी चालू असल्याने तरीही त्यांच्या डॉक्टरांना विचारून घेतलं. काकूंची झोपेची गोळी ते अधूनमधून वरून घेत, ती मात्र त्याच दिवशी बंद. दारू आणि ती गोळी मिळून श्वास मंदावतो, जीवही जाऊ शकतो.

मग दर आठवड्याला ३० मिली कमी, झाकणाने मोजूनच, आणि तेही जेवणासोबत, साडेसातच्या आत. दुपारची दीड तासाची झोप वीस मिनिटांवर. रात्र कशीही गेली तरी साडेपाचला उठायचं. जाग आली आणि वीसेक मिनिटांत पुन्हा डोळा लागला नाही, तर अंथरूण सोडून मंद दिव्यात बसायचं, घड्याळ आणि मोबाइल दूर.

पहिले दोन आठवडे झोप आणखी बिघडली, विचित्र स्वप्नं पडली. दाबलेली स्वप्नझोप उसळून येते ती अशी. बहुतेकजण इथेच पुन्हा बाटलीकडे वळतात, म्हणून काका-काकूंना हे आधीच सांगून ठेवलं होतं.

पाचव्या आठवड्याअखेर दारू थांबली. आता लघवीला एकदा उठतात आणि पुन्हा झोपतात. घोरणं मात्र कमी झालं नाही, मध्येच श्वास अडकतो असं काकू सांगतात. त्यासाठी त्यांना झोपेच्या तपासणीला पाठवलं आहे.