इंग्रजीतले झटके आणि दचके

प्रश्न : इंग्रजी बातमीत 'द टॉक्स प्रोसीडेड इन फिट्स अँड स्टार्ट्स' असं वाक्य वाचलं. फिट म्हणजे आकडी, स्टार्ट म्हणजे सुरुवात. मग अर्थ कसा लावायचा? आणि 'इन' बरोबर की 'बाय'?

उत्तर : घोटाळा 'स्टार्ट'पाशी आहे. इथे तो सुरुवात नव्हे, दचका. 'शी गेव्ह अ स्टार्ट' म्हणजे ती दचकली; 'स्टार्टल' हा शब्द याच कुळातला. 'फिट' म्हणजे झटका, मग तो आकडीचा असो, खोकल्याचा की रागाचा. काम एकदम जोर धरतं, मध्येच बसकण मारतं, परत उसळी घेतं, आणि या कशाचाच नेम नसतो. तुमच्या वाक्याचं मराठी : बोलणी अडखळत, रखडत पुढे सरकली.

नेम नसणं हाच या वाक्प्रचाराचा जीव. वीज रोज ठरलेल्या वेळी दोन तास जात असेल, तर तिथे तो चालणार नाही. शिवाय क्रिया लांबणारी हवी : झोप, अभ्यास, बांधकाम, प्रवास. 'ही अराइव्ह्ड इन फिट्स अँड स्टार्ट्स' हे चूक, कारण माणूस एकदाच पोहोचतो.

मराठीत एकच प्रतिशब्द शोधू नका. इंजिन आचके देत चालतं, झोप तुटक लागते, अभ्यास लहर लागेल तसा होतो. 'आरंभशूर' मात्र इथे बसत नाही. तो सोडलेलं काम पुन्हा हातात घेत नाही, इथे काम परत परत सुरू होतं.

'इन' आणि 'बाय' दोन्ही बरोबर. 'बाय' जुनं, आज 'इन' जास्त कानावर येतं. पण 'फिट्स' आणि 'स्टार्ट्स' अनेकवचनीच हवेत आणि क्रमही हाच. 'स्टार्ट्स अँड फिट्स' कुणी म्हणत नाही.

प्रश्न : पावसाच्या उघडझापीला हेच म्हणावं का?

उत्तर : म्हटलं तर चूक नाही, पण दिवसभराच्या सरींना इंग्रजी माणूस सहसा 'ऑन अँड ऑफ' म्हणेल. केरळात दाखल झालेला मान्सून वाटेत अडून बसला, मग दोन दिवसांत कोकण गाठून पुन्हा थबकला, तर 'इट ॲडव्हान्स्ड इन फिट्स अँड स्टार्ट्स' अगदी चपखल. घाईत 'स्टार्ट्स' तेवढं गाळू नका. नुसतं 'वुई वेअर इन फिट्स' म्हणजे हसून हसून मुरकुंडी वळली.