तोंडाच्या कॅन्सरनंतर अन्ननलिकेत डाय मारून दुर्बीण: खरंच करायची का?

तुमच्या वडिलांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, गिळायला काहीच त्रास नाही, तरी डॉक्टर अन्ननलिकेत डाय मारून दुर्बिणीने बघू म्हणतात. गरज आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी एंडोस्कोपी टेक्निशियन आहे. माझं उत्तर: करून घ्या.

घास अडकायला लागतो तोवर गाठ बरीच वाढलेली असते. तंबाखू-दारूने तोंडाचं जे होतं तेच अन्ननलिकेचंही होतं, म्हणून तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर झालेल्यांना तिथे दुसरा कॅन्सर होण्याचा धोका जास्त असतो.

सुरुवातीचा कॅन्सर दुर्बिणीच्या साध्या उजेडात जेमतेम लालसर दिसतो, कधी तेवढाही नाही. म्हणून आम्ही लुगोलचं आयोडीन (आयोडीनचं द्रावण, हाच तो डाय) फवारतो. निरोगी अस्तरात ग्लायकोजेन (पेशींत साठवलेली साखर) असतं, त्याला आयोडीन लागलं की ते बघता बघता गडद तपकिरी होतं. बिघडलेल्या पेशींत ग्लायकोजेन उरलेलं नसतं, तेवढा भाग फिकट राहतो. तो फिकट डाग ठळक कडांचा असेल आणि दोन-तीन मिनिटांत गुलाबी पडला, तर संशय पक्का धरून डॉक्टर तिथलाच तुकडा बायोप्सीला घेतात. पण रंग न धरलेला प्रत्येक भाग कॅन्सर नसतो, सूज असली तरी असं होतं. रिपोर्ट येईपर्यंत घाबरून जाऊ नका.

आयोडीनची ॲलर्जी किंवा थायरॉईडचा आजार असेल तर आधीच सांगा. नंतर छातीत जळजळ होऊ शकते, ती कमी व्हावी म्हणून शेवटी सोडियम थायोसल्फेट फवारतात. काही ठिकाणी डायऐवजी एनबीआय (नॅरो बँड इमेजिंग) नावाच्या पद्धतीच्या निळ्या-हिरव्या उजेडात तपासतात, तेही चांगलं आहे. (ॲसिडिटीमुळे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला होणारा कॅन्सर वेगळा, त्याला आयोडीनचा उपयोग नाही.)

एवढा खटाटोप कशासाठी, तर कॅन्सर वरच्या थरातच सापडला तर बहुतेकदा दुर्बिणीतूनच सोलून काढता येतो, छाती उघडावी लागत नाही.

आणखी एक, जे बरेच जण सांगायला विसरतात. ऑपरेशन आणि रेडिएशननंतर वडिलांचं तोंड किती उघडतं ते अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. दोन बोटंही आत जात नसतील तर नाकातून घालायची बारीक दुर्बीण लागू शकते, आणि ती सगळीकडे नसते.