बागेच्या गटात सगळे वाचतात, लिहीत कुणीच नाही. सदस्यांना लिहितं कसं करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गच्चीवरच्या बागेचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे, सदस्य ३४०, आणि नेमाने लिहिणारे पाच-सहा. बाकीच्यांकडून अंगठे, जोडलेले हात आणि सुप्रभात. ‘सर्वांनी आपापले अनुभव लिहावेत’ अशी विनंती दर महिन्याला करूनही ढिम्म हलत नाही.

पाच-सहा हा आकडा वाईट नाही, हे आधी सांगतो. वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये अशा समूहांसाठी ९०-९-१ असा ठोकताळा मांडला होता: शंभरांतले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, एक जण सतत लिहितो. त्या हिशेबाने ३४० मध्ये तीन-चार बोलके मिळाले तरी पुष्कळ. तुमच्याकडे खरे गायब आहेत ते मधले तीस, म्हणजे पंधरा दिवसांतून एकदा आपल्या कुंडीबद्दल दोन ओळी टाकणारे. सगळी मेहनत त्या तिसांवर करा. ३४० च्या ३४० जण लिहायला लागले तर आठवड्यात सगळेच गट म्यूट करून टाकतील.

सुरुवात मोजणीने करा. गटाची चॅट मीडियाशिवाय एक्स्पोर्ट करा आणि मागच्या ३० दिवसांत स्वतःच्या बागेबद्दल एक तरी वाक्य किंवा फोटो टाकणारी वेगवेगळी माणसं किती ते मोजा. ‘छान’, ‘मस्त’, फॉरवर्ड धरू नका. एकूण संदेशही मोजू नका, तो आकडा एकटा वाचाळ माणूस दुप्पट करतो. माणसं बारा निघाली तर तीन महिन्यांत तीस, एवढंच लक्ष्य ठेवा.

आता ‘अनुभव लिहा’ का चालत नाही ते. ऐकणाऱ्याला तो निबंधाचा विषय वाटतो. कशाचा अनुभव, किती लिहायचं, कुठून सुरू करायचं, हे सगळं त्याच्यावरच टाकलेलं. शिवाय गटात एखादे काका असतात ज्यांची गच्ची म्हणजे कृषी प्रदर्शन. त्यांच्या पन्नास ड्रमांखाली आपल्या खिडकीतल्या चार कुंड्यांचा फोटो टाकायला कुणाचं मन होईल? आणि टायपिंग. वीस वर्षं बाग करणाऱ्या कित्येक बायकांना मराठी कीबोर्ड म्हणजे शिक्षा वाटते. त्यांना एकदा स्पष्ट सांगा की ४० सेकंदांचा व्हॉइस मेसेज चालेल आणि घरी बोलता तसंच बोला. मग दुसऱ्या कुणीतरी त्याचा दोन ओळींचा मजकूर करून त्याखाली टाकायचा, कारण ऑडिओ नंतर शोधता येत नाही.

मुख्य काम आहे प्रश्न विचारण्याचं, आणि इथे मी जास्त वेळ घेणार आहे. चांगल्या प्रश्नाची माझी कसोटी अशी: उत्तर देणाऱ्याला फक्त कुंडीपाशी जाऊन बघावं लागलं पाहिजे. पुस्तक उघडावं लागलं, आठवावं लागलं किंवा हुशारी दाखवावी लागली की प्रश्न फसला. उत्तर एका आकड्यात किंवा एका फोटोत मावलं पाहिजे. चार कुंड्यावाला आणि पन्नास ड्रमवाला दोघांचं उत्तर सारखंच मोलाचं ठरलं पाहिजे.

उदाहरण देतो. ‘वेलभाज्यांच्या परागीभवनाबद्दल अनुभव सांगा’ या प्रश्नाला शून्य उत्तरं येतील. त्याऐवजी हे विचारा: ‘तुमच्या वेलावरचं फूल आज किती वाजता पूर्ण उमललं? वेल कोणता आणि वेळ काय, एवढंच लिहा.’ दोन दिवसांत पंचवीस नोंदी जमतील आणि त्या एकाखाली एक लावल्या की एक गोष्ट आपोआप दिसेल: काकडी, कारलं, घोसाळं, लाल भोपळा यांची फुलं सकाळची, दुधी आणि दोडक्याची मात्र संध्याकाळची. दुधीचं पांढरं फूल रात्रभर उघडं असतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मलूल होतं. सकाळी दहाला चहा पिऊन ब्रशने परागीभवन करायला जाणाऱ्यांची दुधीची मादी फुलं पिवळी पडून का गळतात, याचं उत्तर सगळ्यांनी मिळून काढलेलं असतं. हे तज्ज्ञाने एका संदेशात सांगितलं असतं तर दोन अंगठे आले असते. स्वतः घड्याळ बघितलेला माणूस ते विसरत नाही आणि पुढच्या वेळी परत लिहितो.

प्रश्न ऋतूला धरून असावा. मृगाचा पाऊस पडून दहा दिवस झाले की विचारा, ‘न पेरता कुंडीत काय उगवलं?’ टाकळा, कुर्डू, खतातून आलेले टोमॅटो, आंब्याची कोय असं काही ना काही प्रत्येकाकडे असतंच, आणि ओळखण्याची चढाओढ लागते. (‘हे खाता येतं का’ या प्रश्नाला फोटोवरून कुणीही हो म्हणायचं नाही, हा नियम त्याच दिवशी सांगून टाका.) गणपतीच्या आधी विचारा, ‘एकवीस पत्रींपैकी तुमच्या कुंड्यांत किती?’ दूर्वा, तुळस, जाई धरून बहुतेकांची गाडी तीन-चारवर अडते आणि मग माका, आघाडा, मरवा कुणाकडे आहे याची शोधाशोध सुरू होते. थंडीत मेथी पेरायला लावा आणि ‘पहिली कापणी कितव्या दिवशी’ एवढाच आकडा मागा. एप्रिलच्या शेवटी, लोक गावी निघायच्या आधी, ‘आठ दिवस घर बंद असेल तर पाण्याची काय सोय करता?’ हा प्रश्न तर कधीच वाया जात नाही. उलटी बाटली, सुती वात, शेजारच्या वहिनी, कुंड्या एकत्र सावलीत सरकवणं, सगळे तोडगे बाहेर येतात. आठवड्याला प्रश्न एकच. शनिवारी संध्याकाळी टाका, म्हणजे रविवारी सकाळी पाणी घालताना तो डोक्यात असतो. पिन करून सात दिवस ठेवा, नाहीतर सोमवारपर्यंत सुप्रभातांखाली गाडला जाईल.

जमलेलं परत करायला विसरू नका. बहुतेक गट इथेच मार खातात: उत्तरं मागतात, ती वाहून जातात, आणि लोकांना वाटतं कशाला लिहायचं. शुक्रवारी गुगल शीटमध्ये चार रकाने भरा: नाव, गाव किंवा उपनगर, झाड, नोंद. त्याचं एक चित्र गटात टाका आणि खाली दोन ओळींत काय दिसलं ते लिहा. ‘१९ जणांनी नोंदी दिल्या, दुधीची सगळी फुलं साडेपाच ते साडेसातच्या मधे.’ आपलं नाव तक्त्यात दिसलं की माणूस ते चित्र घरी दाखवतो, हा मनुष्यस्वभाव आहे. महाराष्ट्रात ही कल्पना नवी नाही. प्रा. श्रीपाद दाभोळकरांचा प्रयोग परिवार याच तत्त्वावर उभा होता: शेतकऱ्याने आपल्या रानात प्रयोग करायचा, निरीक्षण नोंदवायचं आणि ते दुसऱ्या प्रयोग करणाऱ्यासमोर ठेवायचं. तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांपर्यंत तो पोचला होता, आणि तेव्हा हातात मोबाइल नव्हता.

पहिल्यांदा लिहिणाऱ्याला कसं उत्तर मिळतं यावर तो दुसऱ्यांदा लिहील की नाही ते ठरतं. चोवीस तासांच्या आत, त्याच्याच संदेशाला रिप्लाय करून, नाव घेऊन उत्तर द्या. त्यात सल्ला नको, एक छोटा प्रश्न हवा: ‘सुनीताताई, ही कुंडी किती इंचांची?’ प्रश्नामुळे ती व्यक्ती लगेच दुसऱ्यांदा लिहिते आणि संकोच तिथेच मोडतो. नुसतं ‘वा, सुंदर’ म्हटलं की संभाषण संपतं.

जाणकारांची अडचण नाजूक असते. नव्या सदस्याने ‘माझ्या टोमॅटोची फुलं गळतात’ असं लिहिलं की दोन मिनिटांत काकांचा चाळीस ओळींचा लेख येतो आणि बाकीच्या दहा जणांचं तोंड बंद. त्यांना खासगीत, आदराने सांगा: कुठल्याही प्रश्नावर पहिले बारा तास थांबा, मग शेवटचा शब्द तुमचा. त्या बारा तासांत कुणी म्हणेल पाणी जास्त, कुणी म्हणेल ऊन फार. मग काकांनी यावं आणि सांगावं की दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की टोमॅटोचे पराग निकामी होतात, फळ धरत नाही, हिरव्या जाळीखाली ठेवा. कुणी चुकीचं सांगितलं असेल तर ‘चूक’ हा शब्द टाळून ‘माझ्याकडे वेगळं झालं’ असं म्हणावं. अपवाद एकच: विषारी औषधाचं प्रमाण किंवा खाण्याबद्दलचा चुकीचा सल्ला. तिथे ताबडतोब आणि स्पष्ट बोलायचं.

रोग-किडीच्या प्रश्नांसाठी मात्र एक साचा ठेवा, कारण नुसत्या एका पिवळ्या पानाच्या फोटोवर वीस अंदाज येतात आणि सगळे वैतागतात. तीन फोटो: कुंडीसकट पूर्ण झाड, पानाची खालची बाजू, आणि जवळून घेतलेला, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून. सोबत पाच माहित्या: थेट ऊन किती तास, कुंडीचा आकार, मातीत काय काय आहे, शेवटचं खत केव्हा आणि कोणतं, पाणी दिवसातून किती वेळा. फोटो एचडी पर्यायाने पाठवायचा, नाहीतर मावा आणि पिठ्या ढेकूण यांतला फरकसुद्धा कळत नाही. पण हा साचा दारावरचा पहारेकरी करू नका. कुणी अर्धवट लिहिलं तर परत पाठवू नका, उरलेलं तुम्हीच विचारून घ्या. ‘आधी नियम वाचा’ हे वाक्य गटात एकदा उमटलं की पुढचे पंधरा दिवस कुणी नवीन माणूस तोंड उघडत नाही.

अपयशाच्या नोंदी सर्वांत मोलाच्या आणि सर्वांत दुर्मिळ. त्यांच्यासाठी महिन्यातला एक दिवस राखून ठेवा, ‘मेलेली कुंडी’ असं सरळ नाव द्या आणि पहिली कुंडी अ‍ॅडमिनची असू द्या. काळ्या बुडाचे टोमॅटो, भर पावसात सडलेला मोगरा, दाण्याएवढे राहिलेले मुळे. बुड काळं पडतं ते बहुधा पाणी कधी भरपूर आणि कधी अजिबात नाही असं झाल्यामुळे. कॅल्शियम मातीत असतं, फळापर्यंत पोचत नाही. हे एका माणसाच्या फसलेल्या फोटोवरून शंभर जणांना कळतं. त्या दिवशी सल्ले द्यायला बंदी, फक्त ‘माझंही असंच झालं होतं’ म्हणायला परवानगी.

बक्षिसांबद्दल माझं मत कडवट आहे. ‘महिन्याची सर्वोत्तम बाग’ ठेवली की तीच तीन गच्च्या आलटून पालटून जिंकतात आणि खिडकीवाले कायमचे गप्प होतात. जास्त संदेशांना बक्षीस दिलंत तर कचरा वाढतो. द्यायचंच असेल तर बी द्या. घेवडा, वाल, गवार, देशी टोमॅटो यांचं घरचं बी चांगलं. ही झाडं बहुतेक स्वतःच्याच परागांवर फळतात, म्हणून पुढची पिढी आईसारखी निघते. एकाच गच्चीवर दोन जातींचे दुधी किंवा भोपळे असतील तर त्यांचं बी वाटू नका, संकर झालेला असण्याची शक्यता मोठी. हायब्रिड पाकिटातून आलेल्या झाडाचंही नको. बी सावलीत कडकडीत वाळवून कागदी पुडीत दहा-दहा मोजून भरा. प्लॅस्टिकमध्ये ओल राहिली तर बुरशी धरते. पुडीवर जात आणि बी धरल्याचा महिना. घेणाऱ्याकडून अट एकच: पंधराव्या दिवशी ‘दहापैकी किती उगवल्या’ हा आकडा गटात टाकायचा. भेंडी आठवड्याच्या आत वर येते, मिरचीला दहा-बारा दिवस लागतात, म्हणून पंधरा दिवसांची मुदत सगळ्यांना पुरते. ज्याने आयुष्यात कधी गटात लिहिलं नाही तोही ‘७’ एवढं लिहितोच. त्याला लगेच विचारा, ‘उरलेल्या तीन कुजल्या की फुगल्याच नाहीत?’ आणि गाडी सुरू.

सुप्रभातांवर ओरडू नका, त्यांना वेगळी खोली द्या. व्हॉट्सअ‍ॅपची कम्युनिटी करून त्यात ‘गप्पा’ आणि ‘बाग’ असे दोन गट ठेवले की भांडण न होता प्रश्न सुटतो. रासायनिक की सेंद्रिय हा वादही गप्पांतच पाठवा. त्या वादात चार जण तावातावाने लिहितात, चाळीस जण गट सोडतात.

हे सगळं एकट्याने करू नका. रोजची पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि दोन महिन्यांत माणूस कंटाळतो. तीन सहकारी घ्या: एकाकडे शनिवारचा प्रश्न, एकाकडे नवख्यांना पहिलं उत्तर, एकाकडे शुक्रवारचा तक्ता. सहकारी त्या मधल्या तिसांतूनच निवडा, पाच-सहा बोलक्यांतून नको. तक्ते पुढे पीडीएफ करून गटाबाहेर द्यायचे झाले तर ज्यांची नावं आणि फोटो आहेत त्यांना आधी विचारा, आणि फोटोत घराचा नंबर, मुलांचे चेहरे येत असतील तर ते कापून घ्या.