नव्या फिजिओसाठी: संशोधनातला पुरावा ओपीडीत आणायचा तर

म्हापसा-डिचोलीकडे गुडघेदुखीचे पेशंट रोजचेच, तेव्हा सुरुवात तिथूनच कर. आठवड्याला उपचाराबद्दलचा एकच प्रश्न घे. पेड्रो (PEDro) हा फिजिओथेरपीच्या संशोधनाचा डेटाबेस मोफत आहे; त्यात आधी गाइडलाइन, मग सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरच्या सगळ्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा) शोध. नुसता गोषवारा वाचून उपचार बदलू नकोस. व्यायाम किती आणि किती आठवडे, हे पूर्ण लेखात असतं.

सगळ्यात जास्त चुकतं ते मोजमाप. पहिल्याच दिवशी ३० सेकंदांची उठबस चाचणी घे, म्हणजे तेवढ्या वेळात पेशंट खुर्चीतून किती वेळा उभा राहतो ते मोज:
- बिनहातांची, सुमारे ४३ सेंमी उंच खुर्ची, भिंतीला टेकवून
- पेशंटचे हात छातीवर
- पुढच्या वेळीही खुर्ची तीच, नाहीतर आकडे जुळत नाहीत

मशीनवरच सगळा वेळ घालवू नकोस. गुडघ्याच्या झिजेत भक्कम पुरावा व्यायामाचाच आहे. मात्र भातलावणीच्या दिवसांत काकींना दहा व्यायाम लिहून दिलेस, तर एकही होणार नाही. दोनच दे, आणि समोर करून घे.