कळ गेली की खांदे सोड

"ताई, आठवा लागलाय, पहिलंच बाळंतपण. माहेरी आलेय सांगलीजवळ, नवरा पुण्यात. जाऊबाई म्हणतात, कळा सुरू झाल्या की शिकलेलं सगळं विसरायला होतं आणि ओरडलं की सिस्टर रागावतात. रोज रात्री श्वासाचे व्हिडिओ बघते, एकात सांगतात भराभर घ्या, दुसऱ्यात सांगतात रोखून धरा. आई म्हणते आम्ही काय शिकलो होतो? खरंच याने काही होतं का? आणि एपिड्युरल, म्हणजे कळा कमी करायला पाठीत देतात ते इंजेक्शन, मागितलं तर मी कमी पडले असं होईल का? आणि ओरडले तर?"
– एक पहिलटकरीण

अगं, आधी ते रात्रीचे व्हिडिओ बंद कर बघू. पाच जणी पाच तऱ्हेचा श्वास शिकवणार आणि तू त्या ऐकत जागी राहणार, तुला आत्ता झोपेची गरज जास्त आहे.

आता खरं सांगते. दुखतं. श्वासाने कळ जात नाही आणि तशी गॅरंटी कुणी देत असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नकोस. पण याने काहीच होत नाही असंही नाही. ग्रँटली डिक-रीड नावाचे एक ब्रिटिश डॉक्टर १९३० च्या दशकातच सांगत होते की बाई घाबरली की अंग आवळते, अंग आवळलं की दुखणं वाढतं आणि दुखणं वाढलं की ती अजून घाबरते. हे चक्र कुठेतरी तोडायचं, बस एवढंच काम आहे या सगळ्या रिलॅक्सेशनचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांमध्येही श्वास, अंग सैल सोडणं, संगीत, मसाज, गरम शेक हे सगळं आहे, म्हणजे हे काही नुसतं फॅड नाही.

माझी पहिली वेळ सांगते तुला. रात्रभर मी कॉटचा दांडा धरून होते, कळ आली की धरायचे आणि गेली तरी सोडायचे नाही, कारण पुढची येणारच आहे ना, मग तिची वाट बघत तशीच दात आवळून. पहाटेपर्यंत कळांपेक्षा जबडा आणि मान जास्त दुखत होती. तिथल्या एका आयाबाईंनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बाई, गेली की ती कळ, आता खांदे सोड." तेव्हा मला कळलं की मी कितीतरी तास विनाकारण लढत होते, समोर कुणी नसताना.

म्हणून हा हिशोब लक्षात ठेव. पाच मिनिटांनी एक कळ आणि ती मिनिटभराची असं धरलं तर तासात १२ मिनिटं कळ असते आणि ४८ मिनिटं नसते. पुढे अंतर कमी होत जातं, शेवटी शेवटी तर मधे जेमतेम एक-दोन मिनिटं मिळतात, पण मिळतात. ती मिनिटं तुझी आहेत. सगळे कळ कशी घ्यायची ते शिकवतात, तू कळ गेल्यावर सोडायचं कसं ते शिक.

रोज संध्याकाळी डाव्या कुशीवर पड, गुडघ्यांमध्ये उशी घे. मूठ घट्ट आवळ आणि सोड, खांदे कानापर्यंत उचल आणि सोड, मग पायांची बोटं, मांड्या. पोट मात्र आवळायचं नाही. मग आईला सांग की तू कुठेही हात ठेव, आणि जिथे हात लागेल तिथलं तू ढिलं करायचंस. हीच खरी प्रॅक्टिस, कारण त्या वेळी डोकं काही आठवत नाही (जाऊबाई त्यात चुकीच्या नाहीत) पण सवयीचा हात लागला की अंग आपोआप सैल पडतं. श्वास साधाच ठेव, नाकाने सावकाश आत आणि तोंडाने त्याहून सावकाश बाहेर, गरम चहावर फुंकर घालतो तसा. भराभर घेतलास तर बोटांना मुंग्या येतील आणि गरगरेल, आणि रोखून तर आत्ता अजिबात धरू नकोस. जोर लावायची वेळ आली की तेव्हा डॉक्टर आणि सिस्टर सांगतील तसं कर. आणि हो, हातात बर्फाचा खडा मिनिटभर धरून हाच श्वास करून बघ, लगेच समजेल मी काय म्हणतेय ते.

आई म्हणते ते खरंच आहे, त्या काही शिकल्या नव्हत्या. पण त्यांना विचार, कंबर कोण चोळत होतं? आजी असेल, मावशी असेल, शेजारची कुणी असेल. तेच तर टेक्निक होतं! सोबतीला माणूस हवंच. सरकारी दवाखान्यातसुद्धा केंद्र सरकारने २०१६ मध्ये प्रसूतीच्या वेळी सोबत ठेवायला परवानगी दिलीय, तुझं खाजगी असेल तर पुढच्या चेकअपलाच विचार की लेबर रूममध्ये आई चालेल का, नवरा चालेल का. जो आत येणार त्याने माकडहाडाच्या वरच्या भागावर तळव्याने जोरात दाबून धरायला शिकायचं, कळ कंबरेत असेल तर याने फार बरं वाटतं. आणि डॉक्टरांनी नाही म्हटलं नसेल तर उताणी पडून राहू नकोस, चाल, भिंतीला टेक, खुर्चीवर उलटी बसून डोकं टेकव.

एपिड्युरलचं म्हणशील तर ते मागण्यात हरणं-बिरणं काही नाही. फक्त आत्ताच विचारून ठेव की तिथे रात्री भूलतज्ज्ञ मिळतात का, कारण मिळत नसतील तर ते आयत्या वेळी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. सिझेरियन करावं लागलं तरी बहुतेक वेळा तू जागीच असतेस, तिथेही हाच श्वास कामाला येतो.

एक मात्र ऐक. पाणी गेलं, विशेषतः हिरवट असेल, रक्त जायला लागलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर श्वास करत घरी बसायचं नाही, तडक दवाखाना. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

आणि ओरडलीस तर ओरडलीस गं. कुणी रागावलं तर सोबतीच्या माणसाने शांतपणे सांगायचं की तिला त्रास होतोय, हे तू आईला आजच सांगून ठेव. फक्त किंचाळण्यापेक्षा खालच्या पट्टीत आवाज काढ, तोंड उघडं, जबडा ढिला, ओंकार लावतात तसा लांब. आज दिवा लावल्यावर आईबरोबर बसून एकदा काढून बघ, दोघींनी मिळून.

– ताई